फिलाडेल्फियाचा ज्वर

पाण्यापासून होणारे रोग म्हटले, की खानदेशातील माणसाला पटकी, हगवण, विषमज्वर आणि कावीळ यांची आठवण होते, आणि ज्यांनी पायविहिरींचे पाणी प्यायले आहे अशा जुन्या पिढीला नारूची. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठी वसलेल्या गावांनी या रोगांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली. विहिरीत औषध टाकणे, पाणी उकळून आणि गाळून पिणे, यात्रेपूर्वी लस टोचून घेणे हे उपाय सरकारी दवंडीने आणि तलाठी-मामलेदारांच्या ताकिदीने घरोघर पोहोचले. आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, तेव्हा त्या झुंजीतील एक पर्व संपले. या साऱ्या अनुभवाच्या मुळाशी एक समजूत पक्की रुजलेली होती, ती अशी की पाणी बाधते ते पोटात गेल्यावर. ही समजूत खरी असली तरी पुरी नाही, आणि पिण्यास निर्धोक ठरलेले पाणीही तुषारांच्या रूपाने श्वासावाटे फुप्फुसांत उतरले तर प्राणघातक ठरू शकते, हे जगाला नीटपणे कळण्यास १९७६ साल उजाडावे लागले. ते ज्या क्रमाने कळले, ज्या गोंधळातून आणि ज्या चिकाटीने कळले, ती हकीकत अमेरिकेतील एका शहराची असली, तरी उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पलीकडे तापणाऱ्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांनी ती परक्या मुलखाची म्हणून सोडून द्यावी अशी नाही.

या हकीकतीची कारणपरंपरा यंत्रयुगात शोधावी लागते. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेचे तापमान आणि आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा उभारली, आणि पुढील अर्धशतकात तीच विद्या नाट्यगृहे, रुग्णालये, कचेऱ्या आणि मोठमोठी हॉटेले यांच्या इमारतींत पसरली. एवढ्या मोठ्या वास्तूतील उष्णता काढून घेतल्यावर ती कोठेतरी सोडावी लागते, आणि ती सोडण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाणी. यंत्रात तापलेले पाणी छतावरील एका उंच सांगाड्यात नेऊन वरून फवारायचे, खालून पंख्याने हवा खेचायची, म्हणजे पाण्याचा काही अंश वाफ होऊन उडून जातो आणि उरलेले पाणी निवून पुन्हा कामास येते. या सांगाड्यास कूलिंग टॉवर म्हणतात, आणि भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर राबविलेले खानदेशातील लोक रोज पाहतात. या रचनेत शुद्ध वाफेबरोबर डोळ्यांना न दिसणारे पाण्याचे सूक्ष्म कणही हवेत जातात. वारा असेल तर ते दूरवर वाहतात. आणि टॉवरच्या तळाशी साठलेले कोमट पाणी, त्यातील गाळ, गंज आणि शेवाळ यांची वेळच्या वेळी सफाई झाली नाही, तर त्या कणांतून काय प्रवास करील याचा विचार १९७६ पर्यंत फारसा कोणी केला नव्हता.

ते वर्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे होते आणि ज्या शहरात १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्या फिलाडेल्फियात उत्सवाचे वातावरण होते. शहराच्या ब्रॉड स्ट्रीट या हमरस्त्यावर बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड नावाचे १९०४ साली उघडलेले भव्य आणि प्रतिष्ठित हॉटेल होते. माजी सैनिकांची ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली स्थापन झालेली. तिच्या पेनसिल्व्हानिया शाखेचे अधिवेशन याच हॉटेलात २१ ते २४ जुलै या चार दिवसांत भरले. दोन हजारांहून अधिक सभासद आणि त्यांच्याबरोबर आलेले कुटुंबीय असा मोठा मेळा जमला. सभा झाल्या, मिरवणूक निघाली, भोजने झाली, आणि जुन्या दोस्तांच्या गाठीभेटींसाठी दिवाणखान्यासारख्या प्रशस्त प्रवेशकक्षात माणसांची सतत दाटी राहिली. अधिवेशन आटोपल्यावर मंडळी राज्यभरातील आपापल्या गावी परतली.

घरी पोहोचून दोन-तीन दिवस होतात न होतात तोच त्यांच्यापैकी काहींना अंगदुखी, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला. ताप चढत १०४ अंशांपर्यंत आणि त्याहूनही वर गेला. छातीत दुखू लागले, काहींना भ्रम झाला, आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसे घट्ट भरून आलेली दिसू लागली. २७ जुलै रोजी हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या घरी मरण पावले, तेव्हा तो हृदयविकाराचा झटका समजला गेला. एका गावात एक, दुसऱ्यात दुसरा, असे मृत्यू विखुरलेले असल्यामुळे त्यांच्यातील धागा पहिल्या काही दिवसांत कोणाच्याच हाती लागला नाही. ब्लूम्सबर्ग या छोट्या गावातील एका डॉक्टराच्या मात्र ध्यानात आले, की आपल्याकडे आलेले न्यूमोनियाचे तीन रोगी एकाच अधिवेशनाला जाऊन आलेले आहेत. त्याच सुमारास संघटनेच्या कचेरीतही सभासदांच्या निधनाच्या वार्ता एकामागून एक येऊ लागल्या. २ ऑगस्ट उजाडेपर्यंत प्रकरण राज्याच्या आरोग्यखात्यापुढे आणि तेथून अटलांटा येथील राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रापुढे गेले, आणि डॉ. डेव्हिड फ्रेझर या तरुण साथरोगतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली तपासाचे एक मोठे पथक पेनसिल्व्हानियात दाखल झाले.

त्या वेळी अमेरिकेच्या मनावर एका वेगळ्याच भीतीची छाया होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी छावणीत डुकरांच्या इन्फ्लुएंझासारख्या विषाणूने एका सैनिकाचा बळी घेतला होता. १९१८ च्या महासाथीची पुनरावृत्ती होईल या धास्तीने अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी साऱ्या राष्ट्राला लस देण्याची योजना जाहीर केली होती. आणि लस-कंपन्यांच्या नुकसानभरपाईचे दायित्व कोणी घ्यावे यावरून ती योजना कायदेमंडळात अडकून पडली होती. फिलाडेल्फियाची बातमी फुटताच, ज्या साथीची वाट पाहत होतो ती हीच, असा सर्वत्र समज झाला. प्रयोगशाळांनी काही दिवसांतच हा इन्फ्लुएंझा नसल्याचा निर्वाळा दिला, तरी भीतीने आपले काम केले होते. अडलेले विधेयक मंजूर झाले, १२ ऑगस्ट रोजी त्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी झाली, आणि शरद ऋतूत चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली गेली. अपेक्षित साथ आलीच नाही, आणि लस घेतलेल्या काही जणांना गियां-बारे नावाचा पक्षाघातासारखा विकार जडल्याचे दिसताच डिसेंबरात ती मोहीम थांबवावी लागली. एका अज्ञात रोगाच्या भयाने दुसऱ्याच रोगावरचा निर्णय घडवून आणला. साथीच्या काळात घाईने केलेल्या मसलतींचा अभ्यास करणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

फ्रेझर यांच्या पथकाने या गदारोळात तपासाचे काम मात्र शांतपणे आणि पद्धतशीर चालविले. प्रत्येक रोग्याला, आणि आजारी न पडलेल्या हजारो सभासदांनाही, तेच प्रश्न विचारण्यात आले: कोणत्या खोलीत उतरलात, काय खाल्ले, कोणते पाणी प्यालात, बर्फ घेतलात का, कोणाबरोबर बसलात, प्रवेशकक्षात किती वेळ होता. उत्तरांच्या कोष्टकांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. आजारी माणसापासून त्याच्या घरच्यांना हा रोग जडत नव्हता, त्यामुळे तो स्पर्शसंचारी नव्हता. ज्यांनी प्रवेशकक्षात अधिक वेळ काढला त्यांच्यात रोगाचे प्रमाण अधिक होते. वयस्कर आणि धूम्रपान करणारे अधिक बळी पडले होते. हॉटेलात पाऊलही न टाकता केवळ समोरच्या ब्रॉड स्ट्रीटवरून गेलेल्या काही माणसांनाही हाच न्यूमोनिया झाला होता, आणि याचे उत्तर हवेखेरीज कशातच मिळत नव्हते. उलटपक्षी, वर्षानुवर्षे त्या इमारतीत राबणारे हॉटेलचे नोकर जवळजवळ सर्वच्या सर्व सुखरूप होते, आणि हे कोडे त्या वेळी कोणालाच सुटले नाही. अखेरच्या गणनेनुसार रोग्यांची संख्या २२१ आणि मृतांची ३४ झाली.

१८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंची घरवार नोंद करून ज्या पंपापर्यंत माग काढला तो पंपही योगायोगाने ब्रॉड स्ट्रीट याच नावाच्या रस्त्यावर होता. पटकीचा जंतू प्रयोगशाळेत सर्वमान्य रीतीने दाखविण्यास त्यानंतर तीस वर्षे लागली आणि त्यासाठी रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कलकत्त्याच्या तलावांपर्यंत यावे लागले. फ्रेझर यांची अवस्था काही अंशी स्नो यांच्यासारखीच झाली. रोग कोणास झाला, कोठे झाला आणि कोणत्या वाटेने आला हे त्यांना जवळपास सांगता येत होते, पण तो कशाने झाला हे सांगता येत नव्हते. ज्ञात जंतू, विषाणू आणि बुरशी यांच्या साऱ्या कसोट्या निष्फळ ठरल्या. निकेल-कार्बोनिल या विषारी वायूची उपपत्ती पुढे आली, मृतांच्या ऊतींत निकेल सापडल्याचे दावे झाले, घातपाताच्याही वावड्या उठल्या. नोव्हेंबरात काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी होऊन तपासयंत्रणेवर कडक टीका झाली, आणि त्याच महिन्यात, गिऱ्हाईक पार आटल्यामुळे, बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डला आपले दरवाजे बंद करावे लागले.

या अंधारात प्रकाश पडला तो एका सूक्ष्मदर्शकाखाली. अटलांटाच्या केंद्रात कुष्ठरोग आणि रिकेट्सिया यांचा विभाग डॉ. चार्ल्स शेपर्ड यांच्याकडे होता. कुष्ठरोगाचा जंतू उंदराच्या पंज्यात वाढविण्याची युक्ती याच शास्त्रज्ञाने १९६० साली सिद्ध केली होती आणि कुष्ठसंशोधनाला त्यामुळे नवी दिशा मिळाली होती. त्यांचे सहकारी डॉ. जोसेफ मॅक्डेड यांच्याकडे ऑगस्टात एक मर्यादित काम सोपविण्यात आले होते: हा रोग क्यू-ज्वर आहे किंवा नाही एवढे पाहायचे. त्यांनी मृतांच्या फुप्फुसांचे ऊतक गिनीपिगांना टोचले. प्राणी तापाने आजारी पडले, मेले. त्यांच्या ऊतकाचे नमुने कोंबडीच्या सजीव अंड्यांत घालून पाहिले, परंतु काही वाढले नाही. काचपट्टीवर कोठे कोठे एखाद-दुसरी दंडाकृती जंतूची काडी दिसली खरी, पण ती बाहेरून शिरलेली अशुद्धी असावी असे मानून त्यांनी नकारार्थी निकाल नोंदविला आणि प्रकरण त्यांच्यापुरते संपले.

संपले, पण मनातून गेले नाही. वर्षअखेरच्या एका मेजवानीत एका अनोळखी गृहस्थाने, शास्त्रज्ञांनी आमची निराशा केली, अशा अर्थाचे बोलून दाखविले आणि ते आपल्या मनाला लागून राहिले, असे मॅक्डेड यांनी पुढे सांगितले आहे. नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या सुटीत, प्रयोगशाळेतील रेंगाळलेली कामे उरकण्यासाठी ते आले असता त्यांनी ऑगस्टमधल्या त्याच काचपट्ट्या पुन्हा काढल्या आणि एकेक क्षेत्र सावकाश तपासू लागले. बराच वेळ पाहिल्यावर एके ठिकाणी त्यांना त्या दांडक्यांचा एक झुबका दिसला. जंतू तेथे नुसते पडलेले नव्हते, ते तेथे वाढत होते. मग पूर्वीच्या प्रयोगातील दोषही त्यांच्या लक्षात आला. अंड्यांत परके जंतू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविके घालण्याचा जो प्रघात होता, त्यानेच खऱ्या अपराध्याचाही नाश होत होता. या वेळी त्यांनी प्रतिजैविके वगळली. अंड्यांतील गर्भ मेले आणि त्यांच्या बलकाच्या पिशवीत तेच दांडके विपुल आढळले.

आता प्रश्न पुराव्याचा होता. साथीतून वाचलेल्या रोग्यांचे रक्तद्रव आजाराच्या आरंभी आणि पुन्हा काही आठवड्यांनी असे दोन वेळा घेऊन केंद्रात जपून ठेवलेले होते. ते या जंतूंवर घालून पाहता, दुसऱ्या नमुन्यांत त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेली दिसली; म्हणजे त्या माणसांच्या शरीरांनी याच शत्रूशी लढाई केली होती. १८ जानेवारी १९७७ रोजी केंद्राने शोध जाहीर केला. साथ सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, ज्याला शास्त्रात नावही नव्हते असा जंतू हाती आला होता. १९७९ साली त्याचे नामकरण लीजनेला न्यूमोफिला असे झाले. नेहमीच्या खाद्यमाध्यमांवर तो वाढत नाही, लोह आणि सिस्टीन हे अमिनो आम्ल त्याला वेगळे पुरवावे लागते, हे ध्यानात आल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांना तो वाढविता येऊ लागला. रोग्यांच्या कागदपत्रांवरून आणखी एक मोलाची गोष्ट हाती आली होती: ज्यांना योगायोगाने एरिथ्रोमायसिन मिळाले होते त्यांच्यात मृत्यू कमी होते, आणि न्यूमोनियावर नेहमी दिली जाणारी पेनिसिलिनच्या जातीची औषधे येथे उपयोगी पडत नव्हती.

शोध लागताच त्याचा उजेड मागच्या काळावरही पडला. केंद्राच्या दप्तरात न उलगडलेल्या जुन्या साथींचे रक्तद्रव शीतपेट्यांत राखून ठेवलेले होते. ते आता बाहेर निघाले. १९६५ साली वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात ८१ जण न्यूमोनियाने आजारी पडले होते आणि त्यांतील अनेक दगावले होते; तो हाच रोग होता. १९६८ साली मिशिगन राज्यातील पाँटिअॅक येथे खुद्द आरोग्यखात्याच्याच इमारतीत १४४ जणांना एकाएकी ताप येऊन तो थोड्या दिवसांत आपोआप उतरला होता. त्याच्याही मुळाशी हाच जंतू आणि त्या इमारतीतील सदोष वातानुकूलन यंत्रणा होती. १९७४ साली बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डमध्येच भरलेल्या दुसऱ्या एका संघटनेच्या अधिवेशनानंतरचे आजारही त्याच खात्यावर जमा झाले. जुना नमुना जपून ठेवण्याचे मोल ज्यांना पटत नाही त्यांनी या शीतपेट्यांचा विचार करावा. दहा-बारा वर्षांपूर्वीचे प्रश्न त्यांच्यामुळे सुटले, आणि रोग नवा नसून आपले ज्ञान नवे आहे हे सिद्ध झाले.

मग हा जंतू राहतो कोठे? त्याचे उत्तर पुढील काही वर्षांत मिळाले. नद्या, तळी, ओलसर माती यांत तो थोड्या संख्येने सर्वत्र आढळतो आणि तेथे सहसा कोणाला उपद्रव देत नाही. १९८० साली इंग्लंडमधील लीड्स येथील टिमोथी रोबॉथॅम यांनी दाखविले की पाण्यातील अमीबा जंतूंना गिळून पचवितो, पण लीजनेलाला गिळले की तो अमीबाच्या पोटातच वाढतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या फुप्फुसातील भक्षकपेशी जंतूंना गिळण्याचे काम अमीबाच्याच रीतीने करतात. तलावात अंगवळणी पडलेली युक्ती हा जंतू आपल्या छातीत वापरतो, एवढेच. त्याला मानवते ते २५ ते ४५ अंशांचे कोमट, साचलेले पाणी, ज्यात गंज आणि बुळबुळीत थर जमला आहे असे. २० अंशांखाली तो निपचित राहतो आणि ६० अंशांवर मरतो. निसर्गात असे पाणी आणि त्याचे सूक्ष्म तुषार यांची गाठ क्वचित पडते. ती गाठ आपण घालून दिली: कूलिंग टॉवर, स्नानगृहातील शॉवर, उष्ण पाण्याचे कुंड, कारंजी आणि दूरवर पसरलेल्या नळांची जाळी यांनी त्या जंतूला प्रथम ऊब दिली, मग आसरा दिला आणि शेवटी हवेत उडविले. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात मूत्रपिंड-रोपणाच्या रोग्यांना तो जडला तेव्हा, १९८० साली, शॉवरच्या पाण्यातच तो सापडला.

ज्ञान मिळाले म्हणून मृत्यू थांबले, असे मात्र झाले नाही. १९८५ साली इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयाच्या कूलिंग टॉवरने २८ जणांचा बळी घेतला. १९९९ साली नेदरलँडमधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या उष्ण पाण्याच्या कुंडाजवळून जाणारे शेकडो प्रेक्षक आजारी पडले आणि तिसाहून अधिक मरण पावले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या पाण्याला बोटही लावलेले नव्हते. २००१ साली स्पेनच्या मुर्सिया शहरात ४४९ रोग्यांची निश्चिती झाली. अमेरिकेतील फ्लिंट शहराने खर्च वाचविण्यासाठी २०१४ साली पाण्याचा उगम बदलला, नळांतील क्लोरीनचे प्रमाण ढासळले, आणि शिशाच्या विषबाधेबरोबरच या रोगाचीही साथ उद्भवली. २०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमुळे १३८ जण आजारी पडून १६ दगावले, तेव्हा त्या शहराने प्रत्येक टॉवरची सरकारदरबारी नोंद, ठराविक मुदतीने पाण्याची तपासणी आणि सफाईचा दाखला ही सक्तीची केली. एवढे करूनही २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच शहराच्या हार्लेम भागात ११४ रोगी आणि ७ मृत्यू नोंदले गेले. दीडशे वर्षे पाणी शुद्ध करण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या, श्रीमंत आणि कायद्याने चालणाऱ्या शहरांची ही कथा आहे, आणि या साऱ्या साथींत एकच कारण पुन:पुन्हा दिसते: यंत्र उभे करणारे हात होते, ते राखणारे हात पुरेसे नव्हते.

आता आपल्या मुलखाकडे पाहावे. आपल्याकडे न्यूमोनियाच्या रोग्याची या जंतूसाठी तपासणी क्वचितच होते, आणि जे शोधले जात नाही ते सापडत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मुद्दाम शोध घेतला तेव्हा रोग्यांतही आणि रुग्णालयाच्या पाण्यातही त्याच्या खुणा मिळाल्या. खानदेशचे हवामान या जंतूला प्रतिकूल आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. वैशाखात जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथे गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापते, की नळाखाली हात धरवत नाही, आणि रात्री ते निवता निवता नेमके त्या जंतूला रुचेल अशा उष्णतेवर तासन्‌तास राहते. पाणी रोज येत नाही म्हणून टाक्या मोठ्या, आणि टाक्या मोठ्या म्हणून पाणी साचलेले. गेल्या पंचवीस वर्षांत मोठी रुग्णालये, हॉटेले, मंगल कार्यालये आणि व्यापारी संकुले यांच्या छतांवर कूलिंग टॉवर आले; लग्नाच्या मांडवात पाण्याचे तुषार उडविणारे पंखे आले; सौर बंब आले. घरगुती कूलरमधील पाणी बाष्पीभवनाने थंड होत असल्यामुळे आणि त्यातून तुषार फारसे उडत नसल्यामुळे त्याचा धोका टॉवरच्या मानाने पुष्कळच कमी आहे, तरी महिनोन्‌महिने न बदललेले पाणी आणि कुजलेल्या गवताच्या जाळ्या ही काही आरोग्याची लक्षणे नव्हेत. यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. हा रोग माणसापासून माणसाला सहसा लागत नाही, ते पाणी प्याल्याने पोट बिघडत नाही, आणि निरोगी तरुणाला तो क्वचितच गाठतो. पण पन्नाशी उलटलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, कर्करोगाचे किंवा मूत्रपिंडाचे रोगी यांना तो गाठतो तेव्हा उपचारांनंतरही दहांतील सुमारे एक दगावतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. गरम पाणी साठवायचे तर ६० अंशांवर साठवावे आणि वापरताना थंड पाणी मिसळावे. कूलर हंगामाच्या आरंभी घासून धुवावा, दर आठवड्याला रिकामा करावा आणि पावसाळा लागताच कोरडा करून ठेवावा. टाकी झाकलेली, सावलीत आणि वर्षातून निदान दोनदा धुतलेली असावी. बंद राहिलेली शाळा, लॉज किंवा मंगल कार्यालय पुन्हा उघडताना सर्व नळ काही मिनिटे सोडून साचलेले पाणी वाहून जाऊ द्यावे. वाफाऱ्याच्या किंवा नेब्युलायझरच्या यंत्रात नळाचे पाणी कधीही घालू नये. रुग्णालयांनी आणि मोठ्या इमारतींनी कूलिंग टॉवरच्या पाण्याची तपासणी, जंतुनाशकाचे प्रमाण आणि सफाईची तारीख यांची नोंदवही ठेवावी आणि तिच्यावर जबाबदार माणसाची सही असावी. डॉक्टरांनी, नेहमीच्या औषधांनी न हटणारा न्यूमोनिया पाहिला की रोग्याने गेल्या दहा दिवसांत कोठे मुक्काम केला, कोणत्या रुग्णालयात राहिला हे विचारावे आणि लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. अॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन वेळेवर मिळाले तर रोगी बहुधा वाचतो.

पाणी राखणे ही खानदेशाला नव्याने शिकविण्याची विद्या नाही. पांझरेच्या खोऱ्यात, साक्री आणि धुळे तालुक्यांत, तीन-चार शतके जी फडपद्धती चालली तिच्यात दगडी बंधाऱ्याइतकेच महत्त्व माणसांच्या नेमणुकीला होते. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वर देखरेखीस हवालदार, आणि पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढण्यासाठी श्रम देण्याचे प्रत्येक शेतकऱ्यावर बंधन, असा तो बंदोबस्त होता. बंधारे टिकले ते या जाबत्यामुळे. आपण आज छताछतांवर आणि भिंतीभिंतींत पाण्याचे नवे पाट बांधले आहेत, पण त्यांना पाटकरी नेमलेला नाही. म्हणून जळगाव आणि धुळे येथील प्रत्येक रुग्णालयाच्या, हॉटेलच्या आणि मोठ्या संकुलाच्या चालकांना एवढीच विनंती आहे, की आपल्या इमारतीतील पाण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्यावी, त्याला वेळ आणि अधिकार द्यावा, आणि त्याची नोंदवही महिन्यातून एकदा स्वतः उघडून पाहावी.